बाहेर उघडणारं दार

वैजू दोन दिवसांसाठी माहेरी आली आणि तिच्या बॅगेतून बिजागऱ्या निघाल्या.

मी भाकरी थापत होते. ती ओट्याशेजारी फतकल मारून बसली होती आणि एकेक वस्तू बाहेर काढत होती. टॉवेल, गाऊन, माझ्यासाठी शेंगाचटणीचं पुडकं, आणि त्याच्याखाली पुठ्ठ्याचा लहानसा खोका. खोका एका कोपऱ्यावर फाटला होता. आत काय आहे ते मला तव्यापाशी उभ्या उभ्या दिसलं. स्टीलच्या बिजागऱ्या, चार इंची, पिन निघणाऱ्या.

"हे काय गं?"

"काही नाही. नंतर सांगते." तिनं खोका गाऊनखाली सारला.

"शेटे हार्डवेअरच्या मालकिणीच्या घरी बिजागऱ्या घेऊन आलीस? पुढच्या खेपेला मी तुझ्याकडे सोलापूरला चादरी घेऊन येते."

"दुकान विकलंयस तू, आई."

"दुकान विकलंय. अक्कल नाही विकली."

ती हसली, पण जरा उशिरानं हसली. मला तेव्हाच काहीतरी समजायला हवं होतं. पण माझं लक्ष भाकरीकडे होतं, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी त्या बॅगेत माझी लुगडी भरत होते.

आता त्याला बरीच वर्षं झाली. विट्याच्या बाजारपेठेत आमचं दुकान होतं. वैजू शाळेत असताना तिचे वडील गेले. भावकीनं सुचवलं, बाईमाणूस कशाला त्या लोखंडात बसते, दुकान भाड्यानं देऊन टाका. मी दिवसकार्य झाल्यावर शटर वर केलं आणि गल्ल्यावर जाऊन बसले, ती गुडघ्यांनी संप पुकारेपर्यंत बसले. खिळे, कुलपं, नळ, कड्या, सगळं विकलं. पण माझा जीव बिजागरीत. लोकांना दार दिसतं, मला आधी बिजागरी दिसते. कुणाकडे हळदीकुंकवाला गेले तरी माझी नजर कपाटाच्या कडेला, ट्रंकेच्या पाठीला, शिलाई मशीनच्या झाकणाला. बायका पैठण्या बघायच्या आणि मी कुठं एक स्क्रू कमी आहे ते बघायचे. घरात कुठं करकर ऐकू आली की मला घास गिळवत नाही.

दुकान विकलं आणि घर गप्प झालं. दुकानात दिवसभर तोंडाचा पट्टा चालायचा. कुणाच्या घराचा पाया कुठवर आला, कुणाची सून वेगळी निघाली आणि नवी कडी मागतेय, सगळ्या गावाच्या बातम्या काउंटरवर यायच्या. आता दूधवाला पिशवी कडीला अडकवून न बोलता निघून जायचा. शेजारची मालन नोकरीला जायची ती दिवे लागल्यावर परतायची. एकदा दुपारी वाऱ्यानं कपाटाचं दार आपोआप उघडलं, तर मी "ये" म्हणाले. कपाटाला. मग मलाच हसू आलं, आणि हसू थांबल्यावर रडूही आलं. मला एकटं राहवत नव्हतं. हे मी कुणाला बोलले नाही, पण होतं ते असं होतं.

त्यातून वैजूच्या सासूबाई त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. बाई भल्या होत्या, मला वाईट वाटलं. पण दहाव्याला सोलापूरला गेले तेव्हा त्यांची खोली बघितली. हवेशीर, दारात बेसिन, खिडकीत रस्त्यावरची वर्दळ. आणि इथं आपली खाट कुठं बसेल हे माझ्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू? तेव्हापासून मी वाट बघत होते. वैजू विचारेल, आज नाहीतर उद्या. मनातल्या मनात मी तुळस मालनला देऊनसुद्धा टाकली होती.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. पिठलं, भाकरी, तिनं आणलेली चटणी. ती पिठल्यात भाकरी कुस्करत होती. वर न बघताच म्हणाली,

"आई, तू आमच्याकडेच ये ना राहायला. कायमची."

माझ्या हातातला तुकडा तसाच राहिला. चेहरा मात्र मी हलू दिला नाही.

"नको गं बाई," मी म्हणाले. "तुमच्या संसारात माझी कशाला अडगळ?"

आता हे 'नको' कुठल्या जातीचं होतं ते आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पाहुण्याला चहा विचारला की तो नको म्हणतो, आणि आपण आधण ठेवतो. पंगतीत माणूस पानावर आडवा हात धरतो, पण बोटं फाकवून धरतो, म्हणजे वाढप्याला मधून जिलबी टाकता यावी. पहिल्या बोलावण्याला हो म्हणणाऱ्याला लोक हावरं म्हणतात. त्यात हे लेकीचं घर. माझी आई माझ्याकडे आली की परत जाताना पाण्याच्या घोटाचेसुद्धा पैसे वैजूच्या हातावर खाऊला म्हणून ठेवायची. अशा आईची मी मुलगी. लेक बोलावते म्हणून मी काय चप्पल घालून तयार होणार? एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा तिनं हात धरला की "बघू, चार दिवस येते" म्हणायचं. ते "बघू" मी वर्षभर जपून ठेवलं होतं.

"बरं," वैजू म्हणाली. "दही आहे का?"

मी उठून दही आणलं. वाटी तिच्यापुढे ठेवली. तिनं खाल्लं. मी थोडा वेळ वाट बघितली, मग म्हटलं आपणच जरा वाट करून द्यावी.

"हल्ली दुपार खायला उठते बघ," मी म्हणाले.

"टीव्ही लाव की. केबल चालू आहे ना?"

"गुडघेपण कुरकुरतात."

"तेल लावतेस का रोज?"

"लावते."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. मला वाटलं, प्रवासानं दमली आहे. नीट काय ते सकाळी बोलेल.

सकाळी मी पूजेला बसले होते तेव्हा दारात दिलावर मिस्त्री उभे. ह्यांच्या वेळेपासूनचे सुतार. आमच्या दुकानातून त्यांनी जेवढ्या बिजागऱ्या नेल्या असतील तेवढ्या गावात दुसऱ्या कुणी नेल्या नसतील. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती.

"या दिलावरभाई. आज वाट चुकलात?"

"चुकतोय कशाला वैनी. ताईनं बोलवलंय."

"कधी?"

"फोन आलाता की गेल्या आठवड्यात. म्हनली, रविवारी सकाळी यावा, न्हाणीचं दार फिरवायचं हाय."

मी वैजूकडे बघितलं. ती खोका घेऊन बाथरूमपाशी उभी होती. गेल्या आठवड्यात. म्हणजे मला विचारायच्या आधी. माझ्या 'नको'च्या आधीच माझं 'नको' तिनं गृहीत धरलं होतं आणि त्यावर मिस्त्रीसुद्धा बोलावला होता.

"काय झालं दाराला?" मी विचारलं. "चांगलं लागतंय. करकरत नाही, काही नाही."

"आत उघडतं ना, आई."

पुढचं तिला बोलावं लागलं नाही. पण तिनं बोलून टाकलं, अगदी हळू, दिलावरभाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

"तू आत पडलीस तर दाराच्या आडच पडशील. एवढीशी जागा. मग बाहेरून कुणी कितीही ढकललं तरी दार तुझ्यावरच येणार. बाहेर उघडणारं असलं की प्रश्न नाही. आणि बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला येतात, आतून कडी असली तरी पिना ठोकून काढल्या की दार हातात येतं. मालनकाकूंना मी दाखवून ठेवते. तूच सांगायचीस की गिऱ्हाइकांना."

सांगायचे. कुणी बाथरूमसाठी बिजागरी मागितली की मी विचारायचे, घरात म्हातारं कुणी आहे का? एकटं असतं का? मग दार बाहेर काढा, पिन निघणारी न्या. तेव्हा वैजू काउंटरच्या आत फळीवर बसून गृहपाठ करायची. तिनं गृहपाठाबरोबर हेही पाठ केलं असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि 'म्हातारं, एकटं' म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी घर, असंच मला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

मी खोका तिच्या हातातून घेतला. बिजागरी उलटीपालटी करून बघितली, पानं मिटवली, उघडली, पिन वर ओढून बघितली. चांगली होती. पत्रा जाड, पिन सरळ, स्क्रूची भोकं नीट खोल केलेली. तिच्यात खोट काढता येईना याचाच मला राग आला.

"कितीला दिली?" मी विचारलं.

"दिली कितीलातरी," ती म्हणाली.

दिलावरभाईंनी दार उतरवलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. चौकट उघडी पडली. बाथरूम असं सरळ घरात दिसायला लागलं, बादली, तांब्या, दगड, दोरीवरचं माझं परकर-पोलकं. मी लगबगीनं जाऊन ते काढलं.

"वैनी, चौकटीची खाच आतल्या अंगाला हाय," ते म्हणाले. "भाईर काढायचं म्हंजे आतनं पट्टी मारावी लागंल, दार टेकाय. सागवान हाय म्हनून बरं. आजकालच्या चौकटीला हे केलं असतं तर भुगाच."

"मारा पट्टी."

"पर असं का फिरवताय? चांगलं बसलंय की."

वैजूनं स्क्रूची पुडी सोडायला घेतली. मीच म्हणाले, "फॅशन आलीय हल्ली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटाशी हातात घेतली. गावातल्या किती म्हाताऱ्यांची दारं त्यांनी माझ्याच सांगण्यावरून फिरवली होती. त्यांना फॅशन माहीत होती. पुढे ते नुसते ठोकत राहिले. मी दोनदा चहा केला. वैजू स्क्रू हातात धरून त्यांच्याजवळ उभी होती आणि मागतील तसा एकेक देत होती, अगदी लहानपणी मला द्यायची तशी.

दार बसलं. बिजागऱ्यांचे गोल सांधे आता बाहेरच्या अंगाला, माझ्या स्वयंपाकघराकडे तोंड करून चमकत होते. दिलावरभाईंनी दार दोनदा उघडलं, मिटलं. आवाज नाही.

"थांबा," वैजू म्हणाली. "एकदा खरं करून बघू."

ती आत गेली. दार ओढून घेतलं. आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला, बादली बाजूला केल्याचा.

"काय करतेस?"

"पडले आहे मी. आता तू उघड बाहेरून."

"अगं फरशी ओली आहे. ऊठ."

"असू दे. आता मी तू आहे. उघड."

मी कडी धरून ओढलं. दार अलगद माझ्याकडे आलं, एका बोटानं येईल असं. आत माझी लेक कुशीवर पडली होती. गुडघे पोटाशी, एक हात अंगाखाली, केसांचं टोक मोरीच्या पाण्यात, डोळे मिटलेले. ती माझं सोंग घेऊन पडली होती हे मला ठाऊक होतं. पण मला त्या फरशीवर मी दिसलेच नाही. मला तीच दिसली. आपण ज्याला एकटं टाकून जातो ते माणूस मनात असंच पडलेलं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. ती गेले कित्येक महिने सोलापुरात बसून हेच बघत असणार.

"वैजू, ऊठ बघू."

ती उठली नाही. डोळे उघडून छताकडे बघत राहिली.

"आई, खरंच येणार नाहीस?"

मागे दिलावरभाई भुसा झाडत होते. त्यांचा झाडू थांबला. मला लाज वाटली. हे काय विचारायचं ठिकाण झालं? परक्या माणसासमोर, मोरीत आडवं पडून? माणसानं जवळ बसावं, हात हातात घ्यावा, चार शब्द बोलावेत. आणि त्या लाजेत, त्या घाईत, तोंडातून जे यायचं ते आलं.

"नको म्हटलं ना एकदा," मी म्हणाले.

"माहीत होतं मला," वैजू म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, उलट समजूत पटल्यासारखा होता. "सासूबाईंची खोली मी दिवाळीतच रिकामी केली. रंग दिला. तुला खाली बसवत नाही म्हणून उंच खाट केली. हे म्हणाले, आईंना जरा आग्रह कर, पहिल्या झटक्यात कुणी हो म्हणत नाही. मी म्हटलं, तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही. दुकानात पाटी होती आमच्या, भाव करू नये. माणसं किती गयावया करायची, हात जोडायची. आई दुसऱ्यांदा तोच आकडा सांगायची आणि तिसऱ्यांदा विचारलं तर त्या माणसाकडे बघायचीसुद्धा नाही. तिचं नाही म्हणजे नाही. तिच्याशी ओढाताण केली तर तिचा अपमान होतो." तिनं केसांचं ओलं टोक पिळलं. "म्हणून विचारायलाही आले आणि बिजागऱ्याही घेऊनच आले."

मी दार धरून उभी होते. दुकानात खिळे विकणारी मी वेगळी आणि वर्षभर या प्रश्नाची वाट बघत बसलेली मी वेगळी, हे त्या पोरीला कुणी सांगायचं? मीच सांगायला हवं होतं. तोंड होतं मला, आणि ते काही लाजाळू म्हणून गावात प्रसिद्ध नव्हतं. पण अगं, मला यायचंय, तू अजून एकदा विचार, हे म्हणायचे शब्दच माझ्याकडे नव्हते. असं कधी कुणाला म्हटलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, अजून एकदा विचारेलच. जाताना तरी विचारेल. नीट, उभं राहून, आणि तेव्हा 'बघू'सुद्धा म्हणायचं नाही, सरळ 'येते' म्हणायचं.

मी हात पुढे केला. तो धरून ती उठली. तिची पाठ सगळी भिजली होती.

"सर्दी होईल. साडी बदल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला मी स्टँडवर गेले. ती म्हणत होती नको, मी रिक्षानं जाते, पण मी ऐकलं नाही. सोलापूरची गाडी लागलेली होती. तिला खिडकीची जागा मिळाली. मी खाली, उन्हात, खिडकीच्या दांड्याला धरून उभी राहिले. आम्ही मालनबद्दल बोललो. शेंगाचटणी किती दिवस टिकते यावर बोललो. ड्रायव्हर चढला, गाडी सुरू झाली, कंडक्टरनं दार ओढून घेतलं. मी दांडा सोडला नाही.

"आई," वैजू म्हणाली.

"काय गं?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या तोंडात 'येते' इतकं पुढे आलं होतं की तिनं तोंड उघडायच्या आधीच निसटेल असं मला वाटलं.

"बाथरूमला आतून कडी नको लावत जाऊस. पिना आहेत, पण मालनकाकूंना ऐन वेळी जमेल न जमेल."

"बरं," मी म्हणाले.

गाडी वळली. मी बराच वेळ तिथंच उभी होते, शेवटी एक रिक्षावाला म्हणाला, आजी, कुठं जायचंय? मी सांगितलं, घरी.

त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. रोज सकाळी न चुकता फोन करते. वर्षातून दोनदा येते, आली की हातपाय धुवायच्या आधी बाथरूमच्या बिजागऱ्यांना तेल घालते, आणि मी तिला घालू देते. तिच्या सासूबाईंच्या त्या खोलीत पुढे माझा नातू अभ्यासाला बसायला लागला. त्याची दहावी झाली, बारावी झाली. तिच्या मनात मी एक खंबीर बाई आहे, स्वतःच्या घरात स्वतःच्या मर्जीनं राहणारी. ती चार लोकांत तसं अभिमानानं सांगते. मी खोडून काढत नाही.

त्या दिवशी स्टँडवरून आले तेव्हा अंगाला घाम आणि धूळ होती. पाणी तापवलं, बादली भरली, आत गेले आणि दार ओढून घेतलं. हात सवयीनं कडीवर गेला. कडी लावली. मग तिचं बोलणं आठवलं आणि काढली. दगडावर बसून दोन तांबे अंगावर घेतले, पण कडी नसलेल्या दाराकडे पाठ करून बसवेना. बाईमाणसाला जन्मभराची सवय, उघड्या दाराची लाज वाटते. पुन्हा उठले. ओल्या हातानं कडीपाशी थांबले आणि ऐकलं. घरात काही आवाज नव्हता. मालन कामावरून यायला अजून अवकाश होता. मी दार ढकललं, ते भिंतीला जाऊन टेकलं, आणि ते तसं सताड उघडं टाकून मी अंघोळ केली. कोण येणार होतं?